युद्ध हवंय ना? मग एवढी तयारी ठेवा

गेल्या रविवारी एका लग्नात जेवताना आमचे लांबचे साडू शेजारी येऊन उभे राहिले. नुकतेच अकरा दिवसांत सात देश उरकून आलेत, त्यामुळे विषय कुठलाही काढा, गाडी ‘तिकडे’च जाते. हातातल्या ताटात दोन जिलब्या, चार पुऱ्या आणि मसालेभाताचा डोंगर. म्हणाले, “अहो, तिकडे रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही. का? दोन-दोन महायुद्धं सोसलीत त्यांनी! आपल्याकडेही एकदा तसलं दणकून युद्ध व्हायला पाहिजे. त्याशिवाय आपले लोक सुधारायचे नाहीत.” एवढं बोलून त्यांनी अर्धं ताट टबात पालथं घातलं आणि आइस्क्रीमच्या रांगेत मधेच घुसले.

माझ्या तोंडात मठ्ठा होता म्हणून गप्प बसलो. नंतर वाटलं, माणूस एवढ्या कळकळीने मागतोय, तर आपण मदत करायला हवी. आणि ते काही एकटे नाहीत. तुमच्याही फॅमिली ग्रुपवर असे दोन-चार होतकरू असतीलच. तर त्यांच्यासाठी, खास ‘तिकडच्या’ अनुभवातून, या काही सूचना.

सर्वांत आधी, आपण कुठल्या कार्डात बसतो ते पाहून ठेवा. रशियातल्या लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मनांचा वेढा पडला. नोव्हेंबरच्या २० तारखेपासून पावाचं रेशन ठरलं ते असं: कारखान्यातल्या कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम, कारकून, मुलं आणि घरातल्या कमावत्या नसलेल्या माणसांना १२५ ग्रॅम. आमचे साडू निवृत्त आहेत, म्हणजे १२५. या शेवटच्या कार्डाला लोक मरणाचं कार्ड म्हणायचे, पण साडूंनी मनाला लावून घेऊ नये. पावात राय नावाचं धान्य असायचं, शिवाय लाकडाचा सेल्युलोज आणि सरकीची पेंड. हो, तीच, जी आपल्याकडे म्हशीला घालतात. डाएटवाल्यांनी नोंद घ्यावी, फायबर भरपूर. कार्ड मात्र हरवू नका. हरवलं तर दुसरं मिळणं जवळजवळ अशक्य, आणि ‘आमच्या ओळखीचे आहेत वरती’ हे तिथेही सगळ्यांचं चालायचं नाही.

पाव पुरला नाही तर घरात शोधा. कातडी पट्टा उकळता येतो. सुतारकामाचा सरस हाडांपासून करतात, तो शिजवून थंड केला की खळीसारखा थिजतो. भिंतीवरचा कागद खरवडला तर मागे पिठाची खळ निघते. वेढ्याच्या पहिल्याच दिवशी बादायेव गोदामं बॉम्बनी जळाली आणि साखर वितळून जमिनीत मुरली. मग लोकांनी ती माती खणून नेली, पाण्यात कालवून गाळून प्यायले. बाजारात ती माती विकतसुद्धा मिळायची. सोसायटीत दोन तास पाणी गेलं की सेक्रेटरीची आई-बहीण काढणाऱ्यांनी आत्तापासून सराव सुरू करावा, कारण तिथे नळ गोठले होते आणि नेवा नदीच्या बर्फाला भोक पाडून बादलीने पाणी आणावं लागायचं. लहान मुलांच्या घसरगाड्या असतील तर टाकून देऊ नका. त्यावर पाणी आणता येतं. आणि प्रेतं नेता येतात. १९४२च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिन्याला लाखाच्या आसपास माणसं मेली, तेव्हा शहरभर हेच वाहन होतं.

या सगळ्यात लेनिनग्राडमध्ये एक बियाण्यांची संस्था होती. निकोलाय वाविलोव यांनी जगभर हिंडून जमवलेली गहू, तांदूळ, मका, बटाटा, शेंगदाणा यांची वाणं तिथे ठेवली होती. सांभाळणारी माणसं उपाशी होती आणि भोवती टनांनी धान्य होतं. त्यांनी खाल्लं नाही. तांदळाचे अभ्यासक दिमित्री इवानोव तांदळाच्या पाकिटांच्या संगतीत भुकेने मेले. शेंगदाण्याचे अभ्यासक अलेक्सांद्र श्चुकिन तसेच गेले. आणि ज्याने हे सगळं जमवलं त्या वाविलोवना त्यांच्याच सरकारने तुरुंगात टाकलं होतं. तेही १९४३च्या जानेवारीत सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने संपले. मसालेभाताचा डोंगर टबात ओतणाऱ्याने या माणसांच्या खंडात जाऊन यावं आणि काय बघून यावं? रस्त्यावर कपटा नाही!

असो. सूचना देतोय, चिडायचं नाही.

ट्युलिपच्या बागेत फोटो काढला असेल तर कंदाचाही काढा. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडच्या पश्चिम भागात तेच शिजवून खाल्ले, आणि तरीही वीस हजारांहून जास्त माणसं मेली.

जळणाची सोय करा. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये लोकांनी ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळे उपसून नेले. मग मोर्चा वळला ज्यू कुटुंबांच्या घरांकडे. ती माणसं आधीच छळछावण्यांत नेली गेली होती, घरं रिकामी होती. जिने, दारं, तुळया, सगळं निघालं आणि शेगडीत गेलं. शिस्तीत.

शिस्तीवरून आठवलं. साडूंचा कोलोनच्या कॅथीड्रलपुढे उभं राहून काढलेला फोटो आहे, जर्मन शिस्तीवरच्या चार ओळींसकट. त्याच कोलोनचे आर्चबिशप कार्डिनल फ्रिंग्ज यांनी १९४६च्या ३१ डिसेंबरला प्रवचनात सांगितलं की जीव जगवायला लागेल तेवढं, कष्टाने किंवा मागून मिळत नसेल, तर घ्यायला हरकत नाही. कडाक्याचा हिवाळा होता, लोक मालगाड्यांवर चढून कोळसा पळवत होते. तेव्हापासून जर्मन भाषेत कोळसा ढापण्याला एक क्रियापदच आलं: ‘फ्रिंग्झन’. धर्मगुरूच्या नावाने चोरी! युद्धातून उगवलेली शिस्त ती ही. पैशाला किंमत उरली नव्हती, सिगारेटींवर व्यवहार चालायचे, आणि शहरी बायका गालिचे घेऊन खेड्यात जायच्या, बटाटे आणायला.

‘पण राखेतून उठले की नाही?’ हो, उठले. १९४८ ते १९५२ या काळात अमेरिकेने पश्चिम युरोपात सुमारे १३ अब्ज डॉलर ओतले, हे टूर मॅनेजरने बसमध्ये सांगितलं नसावं.

जिंकलात तरी कार्ड फाडू नका. ब्रिटन जिंकलं, आणि युद्धात जे कधी झालं नव्हतं ते पावाचं रेशन १९४६मध्ये सुरू झालं. मटणावरचं रेशन उठायला १९५४चा जुलै उजाडला.

शेवटची सूचना: लढायला कोण जाणार ते ठरवून ठेवा. बहुतेक शेजारच्यांचा मुलगा. साडूंचा न्यू जर्सीत असतो, त्याला रजा मिळणं अवघड आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे मात्र गेले होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले, तरी ते एकटे त्या ठाण्यावर चालून गेले. ठाणं घेतलं आणि तिथेच गोळी लागून मेले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. वय २२. इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचं नाव आहे. टूरची बस तिकडे गेली नाही, कारण पिसाचा मनोरा हाताने टेकवून धरायचा होता.

आणि ‘आपल्याकडेही व्हायला पाहिजे’ म्हणजे काय हो? त्याच युद्धात, १९४३ साली, बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसं भुकेने आणि रोगाने मेली. कलकत्त्याच्या फुटपाथवर भाताची पेज मागत मेली. सुधारलात का तुम्ही त्याने? अजून किती माणसं मेली म्हणजे तुम्ही रांगेत उभे राहाल? वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आइस्क्रीमसाठी एका सात वर्षांच्या पोरीला ढकलून पुढे जाता, आणि तुम्हाला वळण लावायला शहरंच्या शहरं बेचिराख व्हायला हवीत? लाज वाटली पाहिजे. कपटा उचलायचा तर वाका आणि उचला. ताटात मावेल तेवढं नाही, पोटात मावेल तेवढं घ्या. तुमच्या बायकोने हे तीस वर्षं सांगितलंय, तिचं आधी ऐका.

येत्या रविवारी धाकटीचा साखरपुडा आहे. जेवण पंगतीचं आहे, वाढपी आमचे आहेत आणि तुमच्या ताटावर माझं लक्ष राहणार आहे.