दुरुस्ती : एक टाळता येण्याजोगी सवय

राहत्या घराखेरीज कोथरूडला किंवा सिंहगड रस्त्याला आणखी एक वन बीएचके पदरी बाळगून असलेल्या सद्गृहस्थांनो, आपले अभिनंदन. कर्ज फिटले, किल्ली हातात आली, आता त्या घरात कोणीतरी राहायला येईल आणि दर महिन्याच्या पाच तारखेला आपल्या खात्यात वीस हजार रुपये आपोआप उगवतील, अशी आपली समजूत आहे. तिला तडा देऊ शकणारी गोष्ट एकच, ती म्हणजे भाडेकरूचा फोन. "काका, स्वयंपाकघरातला नळ गळतोय," हे वाक्य आज ना उद्या आपल्या कानी पडणारच आहे. ते ऐकून नवखा घरमालक गांगरतो आणि प्लंबरला फोन लावून बसतो. आपल्या हातून तसे घडू नये, म्हणून हे चार शब्द.

पहिले उत्तर पाठ करून ठेवावे : "असं कसं? आधीच्या भाडेकरूंच्या वेळी तर काहीच नव्हतं." या उत्तरात नळाविषयी एक अक्षरही नाही, पण नव्या भाडेकरूच्या हाताच्या वळणाविषयी आणि एकूण संस्कारांविषयी बरेच काही आहे. आधीचा भाडेकरू घरमालकाच्या आठवणीत दिवसेंदिवस निर्मळ होत जातो. त्याच्या डिपॉझिटमधून आपण याच नळाचे पैसे कापले होते, हे नव्याला कळण्याची काही सोय नसते. दुसरे उत्तर, "रविवारी येऊन बघतो." कोणत्या रविवारी, हे बोलू नये. सेकंदाला एक थेंब धरला तर नळ दिवसाला ८६,४०० थेंब टाकतो, हे खरे. पण पाणी महापालिकेचे, टँकरचे बिल सोसायटीचे आणि टपटप भाडेकरूच्या उशाशी, तेव्हा यात आपले नेमके काय जाते, याचा शांतपणे विचार करावा.

तीन-चार रविवार उलटले की, "मीच प्लंबर आणू का?" असे भाडेकरू विचारतो. येथे मात्र क्षणाचाही विलंब नको, कारण अनोळखी प्लंबर नळ बदलायला सांगतो आणि वर बिलही देतो. "छे, छे, माझा एक माणूस आहे, त्यालाच पाठवतो," असे ठणकावून सांगावे. असा 'आपला माणूस' प्रत्येक घरमालकाजवळ असतो. तो मुळात रंगारी असतो, पण नळकाम, वायरिंग, सुतारकाम आणि वेळ पडली तर गॅसची शेगडीही बघतो. त्याच्या पिशवीत एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेप आणि एम-सील एवढाच ऐवज असतो, आणि या चार वस्तूंना पुरून उरेल असा बिघाड विश्वात नाही, अशी त्याची श्रद्धा असते. नळाच्या तोंडातून थेंब पडतो तो आतला वॉशर झिजल्यामुळे, आणि टेप गुंडाळायची असते ती आट्यांवर, हा भेद त्याला मान्य नाही. तो टेप गुंडाळतो, एम-सील थापतो, शंभर रुपये घेतो आणि जातो. थेंब पडतच राहतो, पण आता, "माणूस येऊन गेला ना?" हा प्रश्न आपल्या हाती आलेला असतो, आणि शंभर रुपयांत याहून मोलाची वस्तू मिळत नाही.

विजेच्या तक्रारींत तर या माणसाची प्रतिभा विशेष खुलते. बोअरवेलच्या जड पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षारांचा थर चढतो, कॉइल कधीतरी फुटते, पाण्यात करंट उतरतो आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, पडतो. ईएलसीबी सारखा पडतो अशी तक्रार आल्यावर आपला माणूस ईएलसीबीच काढून तारा थेट जोडतो, आणि तक्रार खरोखर मिटते. बाथरूममध्ये रबरी चपला घालूनच अंघोळ करावी, असे भाडेकरूला आवर्जून बजावून ठेवावे. आपण काळजी घेत नाही असे कोणी म्हणायला नको.

ओल हा मात्र भारदस्त विषय आहे आणि त्याचा अभ्यास सवडीने करावा. बेडरूमची जी भिंत बाथरूमला लागून असते, तिच्यावर प्रथम रुपयाएवढा फुगवटा दिसतो, मग रंगाचे पोपडे सुटतात, मग वास येऊ लागतो. पावसाळ्यात तक्रार आली तर, "आता भिंत ओली आहे, उन्हाळ्यात काम काढू," असे म्हणावे, आणि उन्हाळ्यात, "आता तर वाळली की!" असे म्हणावे. तरीही भाडेकरू हटला नाही, तर प्रकरण सोसायटीकडे न्यावे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने काढायची आणि संडास-बाथरूम, सिंक यांची आतली गळती ज्याच्या त्याच्या खर्चाची. चेअरमन म्हणतात, ही आतली आहे. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणतात, आमची फरशी कोरडी ठणठणीत आहे. आणि ते खोटे बोलत नाहीत, कारण पाणी खाली गेलेले असते. फरश्यांच्या सांध्यांतला भराव झिजला, बाथरूमचे पाणी वाहून नेणाऱ्या नहाणी ट्रॅपभोवतीचे वॉटरप्रूफिंग गेले, की पाइप फुटला, हे फरशी फोडल्याशिवाय ठरत नाही. आणि ठरल्याशिवाय फरशी कोणी फोडू देत नाही. या कोड्यात एक दोन वर्षे सहज जातात. स्लॅबमधल्या सळया तोपर्यंत गंजून फुगतात आणि प्लास्टर खाली येऊ लागते, पण तेवढ्या काळात निदान दोन भाडेकरू बदललेले असतात. दरम्यान त्या भिंतीला डिस्टेंपरचा एक हात मारावा. दीड महिना भिंत नव्या नवरीसारखी दिसते, आणि नवीन गिऱ्हाईकाला घर दाखवायला तेवढा अवधी पुरतो.

काही घरमालक कायद्याला फार भितात. भिऊ नये, पण ओळख ठेवावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत हालचाल केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात महिना पन्नास रुपये भाडे असले, तर वर्षाचे झाले ६०० आणि दुरुस्तीला मिळाले १५०. एवढ्या पैशांत आज प्लंबर जिन्याची पहिली पायरीही चढत नाही. मालकाला ५० रुपयांत कौले बदलणे परवडत नाही आणि भाडेकरूला १५० रुपयांत तुळई; त्यामुळे दोघे मिळून पावसाची वाट पाहतात.

आपले काम तुलनेने सोपे आहे, कारण या कलमातला शब्द 'भाडेकरू' असा आहे आणि आपल्या घरातला मनुष्य लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे नुसत्या परवानगीवर राहणारा, म्हणजे लायसन्सी. घर सोडायला सांगताना तो लायसन्सी आणि सिंक तुंबले की, "अहो, स्वतःचंच घर समजा ना!" हा विवेक अंगी बाणवावा. करार अकरा महिन्यांचाच करावा. वर्षाच्या आत राहिले की नोंदणी चुकते, या जुन्या समजुतीने हा आकडा घराघरांत रुजला. महाराष्ट्रात याच अधिनियमाच्या कलम ५५ मुळे असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाचीच असते, त्यामुळे अकराला आता काही अर्थ उरलेला नाही. पण अर्थ उरला नाही म्हणून आपण काय काय सोडून दिले आहे? या करारात एक कलम ठळक अक्षरांत हवे : भिंतीला खिळा ठोकल्यास खिळ्यामागे दोनशे रुपये. छत कोसळल्यास काय, याचा उल्लेख नसला तरी चालेल.

प्राप्तिकर खात्याचे औदार्य तर विसरू नये. महापालिकेचा कर वजा केल्यावर उरलेल्या भाड्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, आणि आपण घरावर खरोखर एक रुपया तरी घातला का, हे कोणी विचारत नाही. वर्षाचे भाडे २,४०,००० धरले आणि तो कर क्षणभर बाजूला ठेवला, तर ७२,००० रुपये झाले. एवढी रक्कम बिनपावतीची सुटत असताना वीस रुपयांच्या वॉशरची पावती फडकवणाऱ्या भाडेकरूशी वाद घालणे आपल्याला शोभत नाही. वाद न घालता ती पावती हरवावी.

एक माळा मात्र कुलूप लावून स्वतःकडे ठेवावा. त्यात बाळंतपणाची खाट, जुने टेबलफॅन आणि गौरीचे मखर असावे, म्हणजे कोणत्याही दिवशी सकाळी आठ वाजता बेल वाजवून आत शिरता येते. नळ बघायला जो रविवार सापडत नाही, तो मखर काढायला हमखास सापडतो.

अकरा महिने संपले की ते कुटुंब बहुधा निघून जाते. घर दोन महिने रिकामे पडते, चाळीस हजार रुपये बुडतात, वर दलालाला द्यावे लागते ते वेगळेच; पण नव्या नळाचे सहाशे रुपये वाचवले, हे समाधान कोणी हिरावून घेऊ शकत नाही. आता डिपॉझिटचा हिशेब करावा. रंगाचे, साफसफाईचे, गळक्या नळाचे आणि बेडरूमच्या भिंतीतल्या त्या एका खिळ्याचे दोनशे, असे सगळे निर्विकार चेहऱ्याने कापावे. त्या बिचाऱ्यांनी पोपडे झाकायला तिथे कॅलेंडर टांगले होते. कॅलेंडर ते घेऊन जातील, तर जाऊ द्यावे, सोसायटीच्या बँकेचे नवे फुकट मिळते. खिळा मात्र उपटू नये. शनिवारी नवीन मंडळी घर बघायला येणार आहेत.