छत्री एक, घर एक, पैसे मात्र दोनदा

बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं आणि ते आतल्या खोलीत पलंगाला खिळले. दिवसभर पंख्याकडे बघत पडून राहायचं. मला ते बघवेना, म्हणून जुना टीव्ही आत नेऊन लावला. गच्चीवर डिश टीव्हीची छत्री आहे, हॉलमध्ये बॉक्स आहे, रिचार्ज कधी चुकवलेला नाही. वाटलं, एक वायर आत ओढली की काम झालं.

कसलं होतंय! कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, "छत्रीला एकच तोंड आहे. एलएनबी बदलावा लागेल, बॉक्सही नवीन." एलएनबी म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा भाग. बरं, एवढं मला पटतं. बॉक्स वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट वर पाठवतो आणि त्यावरून एलएनबी उभ्या लहरी घ्यायच्या की आडव्या ते ठरवतो. आई एक चॅनेल लावणार, बाबा दुसरं, मग एका तोंडावर दोघांचं भागत नाही. यंत्राची गरज आहे, मुकाट्याने पैसे दिले.

पण दर महिन्याला कशाचे मागता? बाहेर आई जे मराठी चॅनेल बघते, त्याचे पैसे मी भरलेत. भिंतीपलीकडे तेच चॅनेल बाबांना हवं, तर त्याचे पुन्हा वेगळे! क्रिकेटचं चॅनेलही दोनदा. आतल्या खोलीसाठी आकाशातून वेगळं काही पाठवावं लागत नाही. पण यांचा हिशेब घरामागे नाही, बॉक्समागे. एका घराने एका चॅनेलचे एकदाच पैसे द्यावेत, यात मी काय जास्त मागतोय?

ट्रायने, म्हणजे फोन-टीव्ही कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये नियम केला होता. नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे चॅनेलच्या किमतीखेरीज नुसत्या जोडणीची महिन्याची फी, २०० चॅनेलपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये आणि दुसऱ्या टीव्हीला त्याच्या ४० टक्क्यांच्या आत, म्हणजे ५२ रुपये. वर १८ टक्के जीएसटी. तो दिलासाही फक्त फीपुरता, चॅनेलच्या किमतीला लागू नाही. आणि जुलै २०२४ मध्ये फीवरची कमाल मर्यादाच उठवली! आता कंपनीने ठरवायचं आणि आम्ही भरायचं. चीड येते, अक्षरशः चीड!

कस्टमर केअरला तीनदा फोन केला. मराठीसाठीचं बटण दाबूनही समोरून हिंदीच. "सर, वो सेकंडरी कनेक्शन है, उसका पॅक अलग होगा." तिन्ही वेळा हेच एक वाक्य. का अलग, याचं उत्तर नाही.

आणि आता खरा संताप सांगतो. परवा रात्री बॅलन्स संपला, तर दोन्ही टीव्ही एकदम बंद! पैसे घेताना दोन कनेक्शन आणि तोडताना एक? हा कुठला न्याय? मॅचची शेवटची चार षटकं उरली होती. मी तिथल्या तिथे मोबाइलवरून रिचार्ज केला. हॉलमधला टीव्ही पाच मिनिटांत लागला. आतल्या बॉक्सला वेगळं रिफ्रेश मारावं लागतं म्हणे, म्हणजे तो पुन्हा चालू करा असं कंपनीला कळवायचं. मारलं. बॉक्स चालू ठेवून थांबा, असा मेसेज आला. थांबलो. बाबा दर दोन मिनिटांनी विचारत होते, "लागला का रे?" पाऊण तासाने चित्र आलं, तेव्हा मॅच संपली होती आणि बाबांना झोप लागली होती.