सूझा आपला, पण कधी?

चित्रकार एफ. एन. सूझाचं एखादं चित्र लिलावात कोटींना गेलं की आमच्या ग्रुपवर लगेच "आपला माणूस" सुरू होतं. आणि 2023 मध्ये मुंबई कस्टम्सने त्याच्या आणि चित्रकार अकबर पदमसीच्या मिळून सात कलाकृती अश्लील म्हणून अडकवल्या, तेव्हा तेच लोक म्हणत होते की परदेशात राहून असली थेरं सुचतात. मी लंडनमध्ये राहते आणि मला हे अजिबात पटत नाही.

अहो, परदेशाने सूझाला काय शिकवलं? 1924 चा जन्म, गोव्यातलं साळगाव, वडील तान्हेपणीच गेले, आईने मुंबईत शिवणकाम करून वाढवलं, देवी आल्या त्यातून वाचला म्हणून आईने सेंट फ्रान्सिसचं नाव जोडलं. 1945 ला मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलं. 1947 ला रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे या कलाकारांसोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला तोही मुंबईतच. 1949 ला स्वतःचं न्यूड पोर्ट्रेट प्रदर्शनात लावलं तर पोलिसांत तक्रार, आणि त्याच वर्षी बोटीने लंडन. म्हणजे माणूस घडला तिकडेच, आणि नकोसा झाला तोही तिकडेच.

पण इथले आपले लोक "परदेशात टॅलेंटची कदर असते" म्हणतात तेही मला अर्धवट वाटतं. पहिली काही वर्षं इथे त्याला फारसं कुणी विचारलं नाही, बायको मारियाच्या कमाईवर घर चाललं. आधी आई, मग बायको, या दोघींचं नाव कुठल्याच वादात निघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. 1955 मध्ये इंग्रज कवी-संपादक स्टीफन स्पेंडरने त्याचा लेख छापला, लंडनच्या गॅलरी वनमधलं प्रदर्शन गाजलं, तेव्हा कुठे दिवस पालटले. इथल्या टेट या कलासंग्रहालयाकडे त्याचं 1959 चं क्रुसिफिक्शन आहे, काळाकुट्ट काटेरी ख्रिस्त. मला त्यात लंडन कमी आणि लहानपणी पाहिलेलं गोव्यातलं चर्चच जास्त दिसतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाने कस्टम्सचा आदेश रद्द केला, प्रत्येक न्यूड म्हणजे अश्लील नाही असं स्पष्ट सांगितलं आणि त्या कलाकृती सोडायला लावल्या. बरं झालं. पण त्या कलाकृती ब्रिटनमधल्या लिलावांत उघडपणे विकल्या गेल्या होत्या, आणि ज्या शहरात तो चित्रकार झाला तिथे शिरायला मात्र त्यांना कोर्टाची ऑर्डर लागली.