‘एसीत बसून गरिबी चाळणाऱ्या ताईं’चं उत्तर

‘स्पष्टवक्ता’, तुमची कमेंट तीनदा वाचली. लाटोया रुबी फ्रेझर या अमेरिकन फोटोग्राफरच्या ‘द नोशन ऑफ फॅमिली’ या फोटोबुकवर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही बरेच मुद्दे मांडलेत, पण सुरुवात काय तर ‘एसीत बसून दुसऱ्यांची गरिबी चाळणाऱ्या ताई’. आधी एक कबूल करते, फ्रेझरच्या ब्रॅडॉक या गावातलं हॉस्पिटल 2010 ला बंद झालं, मी 2009 लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, थँक्यू.

आता एसी. आहे आमच्याकडे, बेडरूममध्ये, पोस्ट मात्र मी ओट्यापाशी उभं राहून मोबाइलवर टाइप केली, कुकरच्या शिट्ट्या मोजत. पण ते सोडा. माझे बाबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण, पाळीवरून आले की बाबांच्या भुवयांवर कापूस असायचा, आई पदराने पुसायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांची. बाबा परत कधी कामावर गेले नाहीत, भायखळ्याहून भाजी आणून विकायला लागले, आईने डबे सुरू केले. त्यामुळे गरिबीचं मला कोणी शिकवू नये, निदान टोपणनावाआडून तरी.

आणि ‘दुसऱ्यांची’ कुठून आणलंत? फ्रेझरचा जन्मही 1982 चाच, पेनसिल्व्हेनियातल्या त्याच ब्रॅडॉकचा, पोलादाच्या गावातला. फोटो आजीचे, आईचे, स्वतःचे, तेही सोळाव्या वर्षापासून काढलेले, काही तर आईनेच हिचे काढलेत. एका फोटोत पुढे आईचा चेहरा बाजूने आणि मागे ही समोर बघतेय, आईमुळे हिचा अर्धा चेहरा झाकला गेलाय. हे काय कोणी बाहेरून येऊन टिपलेलं आहे का? पुस्तक न बघताच लिहिलंत ना? खरं सांगा.

बाहेरून येऊन टिपणारे मी पाहिलेत. संपानंतर आमच्या चाळीत एक फोटोग्राफर आला, नळावर हंडा भरणाऱ्या आईचा फोटो काढला, ‘कॉपी पाठवतो’ म्हणाला आणि गेला तो गेलाच. आई अजून विचारते, कुठे छापला असेल गं तो. फोटो कोणाचा आणि मिळतो कोणाला, हे तुमच्यापेक्षा मला जास्त माहितीये.

राहिलं ‘ज्यांचे फोटो त्यांना हे पुस्तक परवडेल का’. नसेल परवडत. महागच असतात ही पुस्तकं, मी काय प्रकाशक आहे? आणि ‘मराठी कोणी दिसला नाही का’ म्हणाल तर सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढलेत, 2016 ला पद्मश्रीही मिळालीये, त्यांच्यावर लिहीन तेव्हा लिहीन, ऑर्डरप्रमाणे नाही लिहीत मी.

परवा आईला पुस्तक दाखवलं. आजी रुबी आणि लाटोया घरात खाली बसल्यात, भोवती बाहुल्याच बाहुल्या, त्या पानावर ती थांबली. म्हणाली, ‘एवढ्या बाहुल्यांवरची धूळ कोण पुसतं?’ अजून दोनदा मागून घेतलं तिने. तुम्हालाही बघायचं असेल तर घाई करा, माझं नाहीये ते, मैत्रिणीचं आहे, रविवारी परत द्यायचंय.