हंडी फुटण्याआधीची सलामी

दहीहंडीच्या दिवशी मुंबई-ठाण्यात फिरणारं गोविंदा पथक हंड्या थोड्याच फोडतं, बहुतेक ठिकाणी ते सलामी देतं. पाच, सहा, सात थर लावायचे, सगळ्यात वरच्याने हात उंचावायचा आणि थर नीट खाली उतरवायचे. हंडीला कुणाचा हातही लागलेला नसतो, तरी त्या थरांचं बक्षीस मिळतं आणि माईकवरून पथकाचं नाव पुकारलं जातं. गुरुपौर्णिमेपासून सराव करणाऱ्या पोरांना ठाऊक असतं की आजची मेहनत एका मडक्यावर अवलंबून नाही.

कॉलेजच्या रोबोटिक्स टीममध्ये अशी सलामी, म्हणजे ट्रॉफीआधीच्या छोट्या यशाचं कौतुक, नसते. ती असायला हवी, आणि तिचे नियम दहीहंडीइतकेच कडक हवेत, असं माझं ठाम मत आहे. पोस्ट लांब आहे, पण रोबोकॉन करणाऱ्या प्रत्येक पोराने आणि त्यांच्या सरांनी ती शेवटपर्यंत वाचावी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची विद्यार्थी स्पर्धा, पहिली २००२ मध्ये टोकियोत झाली. आपल्याकडची राष्ट्रीय फेरी म्हणजे डीडी रोबोकॉन. ती कित्येक वर्षं पुण्यात बालेवाडीला व्हायची, पुढे दिल्लीला गेली. २००८ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा थीम चक्क गोविंदाची होती. २०१४ ला पुन्हा पुणे, आणि २०२२ ला दिल्लीत लगोरी. दरवर्षी नवी थीम, नवं रूलबुक, नवे रोबोट. सात-आठ महिने काम करायचं आणि सामना बहुतेक वर्षी तीन मिनिटांचा.

आता हिशोब बघा. भारतातून पुढे जाते एक टीम. बाकीच्यांचा प्रवास साखळी फेरीत किंवा बाद फेरीत संपतो. सगळा आनंद ट्रॉफीसाठी राखून ठेवला, तर एवढ्या पोरांनी सात-आठ महिने कशाच्या जोरावर काढायचे? डिसेंबरात सेमिस्टरची परीक्षा, जानेवारीत मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) जळतो, फेब्रुवारीत टीममधली दोन-चार पोरं हळूच यायची बंद होतात. ती आळशी नसतात. आपण केलेल्या कामाचं पुढे काय झालं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पण सलामी म्हणजे रोबोट पहिल्यांदा हलला की व्हिडिओ काढून स्टेटसला टाकणं नव्हे. थर लागले, पण उतरताना कोसळले, तर ती सलामी धरत नाहीत. एकदा जमलं, दुसऱ्या दिवशी जमेना, ही रोबोटिक्समधली सगळ्यात नेहमीची रड आहे आणि तिची कारणंही नेहमीचीच.

बेसचंच, म्हणजे चाकांवरच्या खालच्या सांगाड्याचंच उदाहरण घेऊ. चार ओम्नी चाकं (कडेला छोटे रोलर असलेली, बाजूलाही सरकणारी) ४५ अंशांवर, रोबोट पाच मीटर सरळ न्यायचा. रात्री अकराला तो सरळ जातो, सगळे ओरडतात. सकाळी तोच कोड, तोच रोबोट, आणि तो डावीकडे अर्धा हात वाहत जातो. झालेलं असतं एवढंच की रात्री सहा सेलची लिपो बॅटरी पूर्ण भरलेली, २५.२ व्होल्टला होती आणि सकाळी ती २२.५ वर आली. कोडमध्ये मोटरला थेट पीडब्ल्यूएम (किती जोर लावायचा याचा सिग्नल) दिलेला, वेग मोजून दुरुस्त करणारी लूपच नाही. मग व्होल्टेज उतरलं की प्रत्येक मोटर आपापल्या तऱ्हेने मंदावते. किंवा रात्री फरशी पुसलेली होती आणि सकाळी धूळ होती. ओम्नीच्या रोलरमध्ये केस आणि धागे अडकले की एक रोलर फिरायचा थांबतो आणि चाक तेवढ्या भागात घसरतं. मोटरच्या शाफ्टवर एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) बसवलेला असेल तर चाक घसरलं तरी आकडे बरोबरच दिसतात. म्हणून मोजणीसाठी स्प्रिंगने जमिनीला दाबून धरलेली, मोटर नसलेली वेगळी चाकं लावतात.

म्हणून बेसची सलामी अशी ठरवा: पाच मीटर अंतर, १० रन, त्यातल्या ९ वेळा बाजूला सरकणं २ सेंटिमीटरच्या आत. पाच रन भरलेल्या बॅटरीवर, पाच २२.५ व्होल्टवर. आकडा काम सुरू करण्याआधी बोर्डावर लिहायचा. रन झाल्यावर आकडा बदलायचा नाही, ‘अगदी थोडक्यात हुकलं’ म्हणून सूट घ्यायची नाही.

दहापैकी नऊ हाही अंतिम आकडा समजू नका. सामन्यात एकामागून एक पाच कामं असतील आणि प्रत्येक काम दहात नऊ वेळा होत असेल, तर पाचही सलग होण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ५९ टक्के. निम्म्यापेक्षा जेमतेम जास्त. तेच प्रत्येक काम पन्नासात ४९ वेळा व्हायला लागलं की पाचांची साखळी ९० टक्क्यांवर जाते. म्हणून एकाच कामाच्या दोन सलाम्या ठेवा. पहिली ९/१०, दुसरी ४९/५०. दुसरी फार कंटाळवाणी असते आणि सामना तिच्यावरच जिंकला जातो, म्हणून तिचं कौतुक पहिलीपेक्षा मोठं करा.

सगळ्यात दुर्लक्षित सलाम्या न्यूमॅटिक्स (हवेच्या दाबावर चालणारे भाग) आणि वायरिंगमध्ये असतात. हवेचा दाब बहुतेक वर्षी ६ बारच्या आत ठेवायचा असतो. पोरं कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या टाकी म्हणून वापरतात. चालतं, पण चरा पडलेली, उन्हात ठेवलेली किंवा चुरगळून सरळ केलेली बाटली लगेच फेकायची. गळतीची सलामी सोपी आहे: ६ बार भरा, झडप बंद करा, दोन मिनिटं थांबा (नुकती भरलेली हवा गरम असते, थंड होताना दाब थोडा आपोआप उतरतो, ती गळती नव्हे), मग दहा मिनिटांत काटा ०.२ बारपेक्षा जास्त उतरता कामा नये. उतरला तर प्रत्येक फिटिंगवर साबणाचं पाणी लावा. निम्म्या वेळा गळतीचं कारण म्हणजे वायर कापायच्या कटरने कापलेली पीयू ट्यूब (हवेची प्लास्टिकची नळी). तिचं तोंड चपटं, तिरकं होतं आणि फिटिंगच्या आतल्या ओ-रिंगवर (रबरी कडीवर) नीट बसत नाही. ट्यूब कटरने काटकोनात कापली की प्रश्न संपतो. फर्स्ट इयरच्या पोरीने ही सगळी फिटिंग्ज करून काटा दहा मिनिटं जागच्या जागी ठेवला, तर ती सलामी आहे. तिचं नाव बोर्डावर आलंच पाहिजे.

वायरिंगचं दुखणं असं की चांगल्या वायरिंगमध्ये काहीच घडत नाही, मग टाळी कशाला वाजवायची हेच कुणाला कळत नाही. म्हणून काहीच न घडण्यालाही आकडा द्या: मोटरी सारख्या पुढे-मागे उलटवत ३० मिनिटं, कंट्रोलर (कोड चालवणारा बोर्ड) एकदाही रीसेट होता कामा नये. मोटर एकदम उलटी फिरवली की खूप करंट खेचला जातो, बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर बसतं आणि कंट्रोलर बंद होऊन परत सुरू होतो. बाहेरून वाटतं कोडमध्ये चूक आहे, आणि कोड लिहिणारा बिचारा दोन रात्री कोडच वाचत बसतो. उपाय ठरलेले: कंट्रोलरसाठी वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं सर्किट), ड्रायव्हरजवळ मोठे कपॅसिटर, मोटरच्या दोन्ही वायरींना पीळ, ग्राउंड एकाच बिंदूवर आणलेले, आणि प्रत्येक क्रिंप (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला जोड) हाताने ओढून बघितलेला. जो क्रिंप ओढल्यावर सुटतो तो सामन्यातही सुटणारच होता.

याच रांगेत बिघाडाचं कारण शोधणं बसतं. तीस रनमध्ये एकदाच येणारा बिघाड पकडणं हे नवी यंत्रणा बनवण्याइतकंच कठीण काम आहे. एन्कोडर ठीक, कोड ठीक, आणि रोबोट मधूनच एका बाजूला वळतो. शेवटी सापडतं की गोल शाफ्टवर चाकाचा ग्रब स्क्रू (चाक शाफ्टवर आवळणारा छोटा स्क्रू) घसरतोय. शाफ्टला कानशीने सपाट बाजू करून, स्क्रूला लॉकटाइट (आटे घट्ट धरणारा गोंद) लावला की झालं. दुरुस्ती दहा मिनिटांची, शोध चार दिवसांचा. हे चार दिवस बऱ्याच टीममध्ये ‘वाया गेले’ म्हणून मोजले जातात. मला हे साफ चुकीचं वाटतं. कारण सापडलं त्या दिवशी सलामी द्या, शोधणाऱ्याचं नाव घ्या, नाहीतर पुढच्या वेळी कुणी शोधणारच नाही, सगळे नुसते ‘रिस्टार्ट करून बघ’ म्हणतील.

आता साजरं कसं करायचं. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आकडा गाठला की ओरडायच्या आधी मेन स्विच बंद, बॅटरी काढून सुरक्षित पिशवीत, हवा सोडून काटा शून्यावर. टीम उड्या मारते तेव्हा रोबोटकडे कुणाचंच लक्ष नसतं. एखाद्याचं कोपर रिमोटला लागतं, सहा बारवरचा सिलिंडर सुटतो आणि बोट सापडतं. थर उतरल्याशिवाय नाचायचं नाही, हा नियम इथेही तसाच लागू आहे.

मग गोठवायचं. कोडची ती आवृत्ती परत सापडावी म्हणून तिला त्या तारखेचं आणि त्या सलामीच्या नावाचं टॅग द्या. घट्ट केलेल्या प्रत्येक नटवरून रंगाच्या पेनने नटपासून पट्टीपर्यंत एक रेघ ओढा, उद्या रेघ तुटलेली दिसली की नट सैल झाला हे लांबूनही कळतं. वायरिंगचे चारही बाजूंनी फोटो. रजिस्टरमध्ये पीआयडीचे (वेग दुरुस्त करणाऱ्या लूपचे) केपी वगैरे आकडे, बॅटरीचं व्होल्टेज, कोणती चाकं, कोणती फरशी, दहा रनचे दहा आकडे, हुकलेला रन का हुकला ते, आणि काम करणाऱ्या सगळ्यांची नावं. हे वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे आणि छोट्या यशाचा खरा फायदा इथेच मिळतो. पुढच्या आठवड्यात नवा ग्रिपर (वस्तू पकडणारा पंजा) लावून सगळं बिघडलं, तर परत उभं राहायला एक पक्की जागा असते. ज्या टीम नुसता जल्लोष करतात त्यांच्याकडे व्हिडिओ असतो, पण त्या रात्री केपी किती ठेवला होता हे कुणालाच आठवत नसतं.

त्यानंतर वडापाव. सगळ्यांसाठी, आणि सगळे म्हणजे खरंच सगळे: रात्री उशिरापर्यंत वर्कशॉप उघडं ठेवणारे काका, लेथवर शाफ्ट करून देणारे मिस्त्री, स्पॉन्सरच्या मागे फिरणारी पोरं, रिपोर्ट लिहिणारी पोरं. शेवटची हालचाल कोड करतो म्हणून सगळं श्रेय कोडवाल्याला जातं, हे मोडायचं असेल तर नावं रजिस्टरमधूनच मोठ्याने वाचा. अर्धा तास रोबोटला हात लावायचा नाही.

एका गोष्टीचं कौतुक मात्र बंद करा: ‘तीन रात्री झोपलो नाही’. पहाटे तीनला सोल्डर केलेला एक्सटी६० (बॅटरीचा कनेक्टर) उलट्या पोलॅरिटीचा निघतो आणि ड्रायव्हरचा धूर निघतो. जागरण हे नियोजन चुकल्याचं लक्षण आहे, ते भिंतीवर मिरवू नये. आणि रोज सलामी ठेवू नका. एका सीझनमध्ये दहा-बारा पुरे.

कामाचे थर कसे करायचे हे बऱ्याचदा रूलबुकच सांगतं. २०१४ च्या थीममध्ये पालक रोबोटने बाळ रोबोटला सी-सॉ, झोपाळा, खांबांवरून चालणं आणि जंगल जिम अशी खेळणी खेळवायची होती. चार खेळ म्हणजे चार थर समोरच मांडलेले. दरवेळी एवढं सरळ नसतं, पण थीम आल्यावर पहिल्या आठवड्यात टीमने बसून ही फोड करावी. सगळं काम पूर्ण केल्यावर लगेच मिळणाऱ्या विजयाला बहुतेक वर्षी यजमान देशाच्या भाषेतलं एक नाव असतं. जपानमध्ये २०१७ ला ‘आप्पारे’, मंगोलियात २०१९ ला ‘उऊखाई’. तुमच्या वर्कशॉपलाही असा एक स्वतःचा शब्द असू द्या, आणि तो फक्त आकडा गाठल्यावरच निघू द्या.

स्पर्धेच्या ठिकाणच्या सलाम्या विसरू नका. तपासणीत वजन, माप, व्होल्टेज, दाब पहिल्या फटक्यात पास. सेटिंगचं एक मिनिट दिलेलं असतं, त्यात रोबोट ४० सेकंदांत तयार. याचा सराव घरीच घड्याळ लावून वीस वेळा करा. रिट्रायचाही (रोबोट अडकला की परत सुरुवात करण्याचाही) करा: कोण उचलणार, कोण स्विच दाबणार, कोण काहीच न बोलता बाजूला उभा राहणार. मैदानात घाबरलेली चार पोरं एकाच रोबोटला हात घालतात आणि वीस सेकंद जातात.

हरून परत आलात, की लगेच रोबोट खोलायला बसू नका. मोटरी महाग असतात, पुढच्या वर्षी लागणार, त्यामुळे परतल्यावर दुसऱ्याच दिवशी पाने-स्क्रूड्रायव्हर बाहेर निघतात. त्याआधी एक संध्याकाळ काढा. ज्युनिअरना रिमोट द्या, शेवटच्या टॅगचा कोड टाका, दहा रन घ्या आणि दहाही आकडे रजिस्टरच्या शेवटच्या पानावर त्यांच्याच हाताने लिहून घ्या. मग हवा शून्यावर, बॅटरी स्टोरेजच्या ३.८ व्होल्ट प्रति सेलवर, आणि वरून खाली एकेक भाग उतरवायचा. प्रत्येक मोटरला नंबर आणि किती तास चालली त्याची चिठ्ठी. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) मात्र पुन्हा वापरू नका, पुढच्या वर्षी नवे आणा.