ढाबळी क्रांतीने मोडल्या का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फ्रान्सच्या खेड्यांतल्या जुन्या ढाबळींवरच्या, म्हणजे कबुतरं पाळायच्या बुरुजांवरच्या, माझ्या लेखावर आपण चांगलंच झाडलं आहे. आपलं म्हणणं थोडक्यात असं: मी त्या देखण्या बुरुजांवर भाळले, जमीनदारांची कबुतरं कुळांचं पेरलेलं बी फस्त करत होती आणि म्हणूनच १७८९च्या फ्रेंच क्रांतीने ढाबळी मोडून काढल्या, हे मात्र गाळलं.

कुळांच्या हालांबद्दल आपलं बरोबर आहे, पण ते मुख्यतः उत्तरेपुरतं. उत्तरेकडच्या नॉर्मंडीत जमिनीपासून छपरापर्यंत कोनाडे असलेली ढाबळ बांधायचा हक्क जहागिरीला चिकटलेला असे. वारांजव्हीलला आंगो या दिएपच्या जहाजमालकाचा सोळाव्या शतकातला वाडा आहे. तिथल्या ढाबळीत सुमारे १६०० कोनाडे, आणि कोनाड्यागणिक एक जोडी! एवढा थवा पेरणीच्या दिवसांत रानात उतरला की कुळाने हात चोळत बसायचं. क्रांतीच्या तोंडावर, १७८९मध्ये गावोगावी लिहिलेल्या तक्रारवह्यांत कबुतरं पुन्हा पुन्हा येतात ती यामुळेच.

आता फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेच्या ४ ऑगस्ट १७८९च्या रात्रीच्या ठरावांकडे या. त्यांत रद्द झाली ती ढाबळीची मक्तेदारी. गावाने ठरवलेल्या मुदतीत कबुतरं कोंडून ठेवायची, आणि त्या मुदतीत आपल्या रानात आली तर कुणीही ती शिकार म्हणून मारावीत. ढाबळी पाडा, असं त्यात कुठेही नाही. काही ठिकाणी लोकांनी रागाच्या भरात पाडल्या, तो भाग वेगळा.

दक्षिणेत तर मुळात एवढी आडकाठीच नव्हती. तुलूझ, केर्सी या भागात रोमन वळणाचा लिखित कायदा चाले, आणि ऐपत असलेला साधा शेतकरीही ढाबळ बांधू शके. नैऋत्येत क्रांतीनंतर, एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या ढाबळीही आहेत. केवळ मिजाशीसाठी कुणी एवढा खर्च केला असता, असं मला वाटत नाही. महिनाभराची पिल्लं खायला आणि विकायला होत, पण मोठी कमाई विष्ठेची. जनावरं कमी, शेणखत अपुरं. अशा वेळी द्राक्षमळ्यांना आणि भाजीच्या वाफ्यांना हे जहाल खत सोन्यासारखं. जहाल इतकं, की ताजं टाकलं तर रोप जळायचं.

बांधणीतही हा हिशेब दिसतो. केर्सीकडे ढाबळ दगडी खांबांवर उभी, आणि खांबाच्या माथ्याला चहूकडून बाहेर आलेला दगड, म्हणजे उंदीर वर चढू नयेत. उत्तरेतल्या गोल ढाबळींत मधोमध फिरता खांब आणि त्याला शिडी. खाली न उतरता माणूस सगळे कोनाडे तपासायचा. (ही शिडी मला त्या बुरुजांपेक्षाही आवडते.)

ढाबळी ओस पडण्याचं कारण आपण १७८९मध्ये शोधता. मी ते १८४०च्या दशकात शोधते. पेरूहून जहाजं भरभरून ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत, युरोपात येऊ लागला, मागून रासायनिक खतं आली, आणि कबुतरं पोसणं परवडेनासं झालं.