तीनशेचं पुस्तक चाळीस रुपयांत होत नाही

पुस्तकांच्या किमतींबद्दलचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. माझ्या आत्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "हे खरं असेल तर मी दुकानात पैसे कशाला घालू?" ती नेमाने नवी मराठी पुस्तकं विकत घेणारी बाई. तिच्यासारखी माणसं बिथरली तर उरलं काय, म्हणून हे लिहितो आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ३०० रुपयांचं पुस्तक छापायला ४० रुपये लागतात, बाकीचे २६० प्रकाशक खातो. लेखकाला तसंही काही मिळत नाही. शैक्षणिक किंवा खासगी वापरासाठी पीडीएफ पाठवणं कायदेशीर आहे. लेखक वारला की पुस्तक सगळ्यांचं होतं. फुटपाथवर १०० रुपयांना मिळतं ते प्रकाशकाचंच उरलेलं असतं. ग्रंथालयात नवं काही येत नाही. तेव्हा नवी कादंबरी आली की महिनाभर थांबा, पीडीएफ येईलच.

आधी ते ४० रुपये. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराचं, २०८ पानांचं पुस्तक घ्या, म्हणजे १६ पानी १३ फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेले पानांचे गठ्ठे). २३ बाय ३६ इंची कागदाच्या एका तावातून ३२ पानं निघतात, म्हणजे एका प्रतीला साडेसहा ताव. १००० प्रतींना ६५०० ताव, म्हणजे ५०० तावांची १३ रिमं. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या) मॅपलिथो या छपाईच्या कागदाचं एक रीम साधारण पावणेएकोणीस किलो भरतं. मशीन लावताना आणि बाइंडिंगला वाया जाणारा कागद धरला की २५५ किलोच्या आसपास. किलोचा भाव ९० धरला तरी प्रतीमागे २३ रुपये नुसता कागद. त्यावर प्लेटा आणि छपाई, चाररंगी मुखपृष्ठ आणि त्याचं लॅमिनेशन, बाइंडिंग. हजाराच्या आवृत्तीला ६० रुपये धरा. भाव शहरागणिक आणि प्रेसगणिक थोडे बदलतील. ४० रुपयांत एखादं सव्वाशे पानी पुस्तक बसेल, किंवा तीन-चार हजारांची आवृत्ती असेल तर जाडही बसेल. मेसेजमधलं अर्धसत्य एवढंच, की छपाई हा किमतीचा लहान भाग असतो. ते कुणीच नाकारत नाही.

मग बाकीचे जातात कुठे? वितरक आणि दुकानदार मिळून ४० टक्के धरले तर १२० रुपये तिथेच गेले. दुकानाचं भाडं, पगार, न खपलेल्या प्रती परत पाठवायचा खर्च हे सगळं त्यांना त्यातून भागवायचं असतं. उरले १८०. लेखकाचे १० टक्के, म्हणजे ३०. उरले १५०. छपाईचे ६० गेले की ९०. आता जे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही ते बघा: अक्षरजुळणी, दोन वेळा मुद्रितशोधन, संपादन, मुखपृष्ठाच्या चित्रकाराचं मानधन. २०८ पानांचं हे काम नीट करून घ्यायचं तर ३५ हजारांच्या खाली होत नाही, आणि प्रती १०० छापा नाहीतर १०००, हा खर्च तोच राहतो. हजारात वाटला तर प्रतीमागे ३५. राहिले ५५. त्यातून गोदाम, कुरिअर, परीक्षणासाठी आणि लेखकाला द्यायच्या मोफत प्रती, १९५४ च्या कायद्याप्रमाणे चार ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायच्या चार प्रती, आणि ऑफिस. पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, पण त्यामुळेच कागदावर आणि छपाईवर भरलेला जीएसटी प्रकाशकाला वळता करून घेता येत नाही. तो खर्चातच धरावा लागतो.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडा. छपाईचे ६० हजार आणि आधीच्या कामाचे ३५ हजार, असे ९५ हजार पुस्तक दुकानात जाण्याआधी खर्च होतात. हातात प्रतीमागे १५० येतात. म्हणजे ६३० च्या पुढे प्रती खपल्या तर कुठे घातलेली रक्कम सुटते, तीही ऑफिस आणि गोदाम न धरता. मराठी कादंबरीच्या १००० प्रती संपायला दोन-तीन वर्षं लागणं ही नेहमीची गोष्ट आहे.

म्हणूनच 'महिनाभर थांबा, पीडीएफ येईल' हे या मेसेजमधलं सगळ्यांत घातक वाक्य आहे. पीडीएफ उतरवून घेणारा प्रत्येक जण पुस्तक विकत घेणारच होता असं मी म्हणत नाही. बहुतेक जण ती उघडूनही बघत नाहीत. पण ज्या पुस्तकाच्या ८०० प्रती खपल्या असत्या, त्याच्या २०० जरी गळाल्या तरी ते ६०० वर येतं आणि तोट्यात जातं. हे २०० वाचक नेमके पहिल्या सहा महिन्यांतले असतात, आणि पुनर्मुद्रण करायचं की नाही हे त्याच सहा महिन्यांच्या विक्रीवर ठरतं. अक्षरजुळणी-संपादनाचा खर्च दुसऱ्या आवृत्तीत पुन्हा येत नाही. लेखक-प्रकाशकाला थोडं सुटतं ते तिथे. ती आवृत्तीच निघाली नाही, की पुढच्या नव्या लेखकाचं हस्तलिखित परत जातं, नाहीतर त्याची आवृत्ती ३०० प्रतींची निघते. ३०० प्रती डिजिटल छपाईने काढल्या की प्रतीचा खर्च वाढतो आणि किंमत ३०० ची ४०० होते. महाग पुस्तकं नको असणाऱ्यांनी हे समजून घ्यावं.

'लेखकाला काही मिळत नाही.' याच्यात तथ्य आहे, आणि ते मान्य करताना वाईट वाटतं. काही ठिकाणी वर्षानुवर्षं विक्रीचा हिशेबच दिला जात नाही, काही ठिकाणी लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढतात. पण त्यावर उपाय कॉपीराइट कायद्यातच आहे. १९५७ च्या या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी करारानेच देता येतात, करारात मानधनाचा उल्लेख लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते. लेखकांनी करारात वार्षिक हिशेबाचं कलम घालून घ्यावं. प्रकाशक बुडवतो म्हणून वाचकानेही बुडवायचं, हा कुठला न्याय?

कायद्याचं म्हणाल तर कलम ५२ मध्ये खासगी वापराची आणि संशोधनाची सवलत आहे, पण ती रास्त वापरापुरती. दोनशे जणांच्या ग्रुपवर अख्खी कादंबरी टाकणं खासगी होत नाही. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्याचा २०१६ चा निकाल मेसेजवाले पुढे करतात. तो निकाल वर्गात शिकवण्यासाठी लागणाऱ्या उताऱ्यांच्या संचांबद्दल होता. परवा प्रकाशित झालेल्या कादंबरीशी त्याचा संबंध नाही. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, पण म्हणून ते कायदेशीर ठरत नाही.

'लेखक वारला की सगळ्यांचं' हे साफ चूक. लेखकाच्या निधनाचं वर्ष संपल्यावर पुढे ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे, खुशाल वाटा. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, तिथे २०३६ संपेपर्यंत हक्क आहेत. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, तिथे २०६० पर्यंत. जुन्या परदेशी पुस्तकाचा मराठी अनुवाद नवा असेल तर अनुवादकाचे हक्क वेगळे. फुकट आणि रीतसर वाचायचं असेल तर मराठी विकिस्रोत आहे, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांचीच कितीतरी पुस्तकं आहेत.

फुटपाथवर जुनी, वापरलेली पुस्तकं घेण्यात काहीही गैर नाही. कोरी करकरीत शंभरची प्रत मात्र चोरून छापलेली तर नाही ना, ते तपासून घ्या. स्कॅनवरून छापलेलं अक्षर कडेला फुटलेलं आणि करडं दिसतं, मुखपृष्ठावरची बारीक अक्षरं पसरलेली असतात, समास पानागणिक सरकतो, मधोमध उघडलं की डिंक सुटतो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ठरलेला ओळख क्रमांक, बघून कळत नाही, कारण तोही जसाच्या तसा छापलेला असतो. आणि 'पुस्तक' म्हणून आलेल्या फाइलच्या नावाचा शेवट एपीके असेल तर ती उघडूच नका. ते ॲप असतं, पुस्तक नव्हे.

राहिलं ग्रंथालय. नवं येत नाही ही तक्रार बऱ्याच गावांत खरी आहे, अनुदान उशिरा येतं आणि खरेदी रखडते. पण वाचकांनी मागितलेली पुस्तकं खरेदीच्या यादीत आधी धरणारी ग्रंथालयं आहेत. नुसतं 'ती नवी कादंबरी' असं सांगून येऊ नका. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत आणि आयएसबीएन एवढं कागदावर लिहून ग्रंथपालांकडे द्या, आणखी दोघा-तिघा सभासदांच्या सह्या घ्या, आणि पुढची खरेदी कधी आहे ते विचारून ठेवा.